सुजवटी: प्रथिनांपलीकडचे कुपोषण

तीव्र कुपोषणाची दोन रूपे नुसत्या नजरेलाही वेगळी कळतात. सुकटी, म्हणजे मॅरॅस्मस झालेल्या मुलाची हाडे वर येतात. सुजवटीत, म्हणजे क्वाशिओरकोरमध्ये, दोन्ही पावले सुजतात, दाबले की खळगा राहतो, केस विरळ व तांबूस होतात, कातडी सोलवटते. असे मूल काट्यावर फसवे वजन दाखवते, कारण त्यात साठलेले पाणीही असते. म्हणून दोन्ही पावलांवर अशी सूज असेल, तर वजन कितीही भरो, अंगणवाडीच्या भाषेत ते मूल 'सॅम'च, म्हणजे अतितीव्र कुपोषित.

सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, या आजाराचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे सगळा दोष प्रथिनांच्या कमतरतेवर गेला. त्या समजाला धक्का दिला तो हैदराबादच्या सी. गोपालन यांनी. सुजवटी आणि सुकटी झालेल्या मुलांच्या आहारात ठळक फरक सापडत नाही, असे त्यांनी १९६८मध्ये मांडले. मग सूज एकालाच का?

जमैकात काम करणाऱ्या मायकेल गोल्डन यांनी १९८०च्या दशकात बोट ठेवले ते ऑक्सिडेटिव्ह ताणावर. पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा, आणि जंतुसंसर्गात तर अधिकच, फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी कण तयार होतात. ते पेशींच्या स्निग्ध आवरणावर घाला घालतात. त्यांना आवरणारे मुख्य द्रव्य ग्लुटाथायोन. ते घडवायला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागते, कामाला लावायला सेलेनियम आणि वापरून झाल्यावर पूर्ववत करायला रायबोफ्लेविन. संरक्षणाच्या दुसऱ्या एका विकराला जस्त व तांबे हवे असते. एकाच धान्यावर वाढणाऱ्या, वरचेवर हगवण लागणाऱ्या मुलाकडे यातले बरेच काही अपुरे असते. सुजवटीच्या मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन खरोखरच फार कमी आढळते.

एवढे पटणारे उत्तर मलावीत अडखळले. तिथल्या चाचणीत दोन हजारांहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना रायबोफ्लेविन, ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि सिस्टीनचे एक रूप दिले गेले. २००५मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सुजवटी घटलेली नव्हती. त्यामुळे हा ताण आजाराचे कारण की परिणाम, हा वाद शिल्लक राहिला. मलावीतल्याच जुळ्या मुलांच्या अभ्यासाने पुढे आतड्यांतील जंतूंकडेही संशयाची सुई वळवली.

उपचाराला मात्र ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या विचाराची चांगलीच मदत झाली. अशा मुलांत लोह बांधून ठेवणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन घटलेले असते. सुटे लोह फ्री रॅडिकलना आणि जंतूंना, दोघांनाही बळ देते. म्हणून मूल पांढरेफटक दिसत असले, तरी दवाखान्यातल्या पहिल्या दिवसांत लोहाचे औषध देत नाहीत. एफ-७५ हे विशेष दूध, पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबे आणि प्रतिजैविके यांवर भर असतो. भूक परतली आणि वजन वाढू लागले की, साधारण दुसऱ्या आठवड्यात, लोह सुरू होते.