हंसण्याची नोकरी

विमानप्रवास आतां आपल्या घरांतूनहि नवलाचा राहिलेला नाहीं. पाण्याचा पेला हंसतमुखानें पुढें करणारी मुलगी आपण क्षणभर पाहतों आणि खिडकीकडे वळतों. विमान उतरल्यावर ती कोठें जाते, हा प्रश्न धरून काढलेला एक फ्रेंच बोलपट आमच्या पाहण्यांत आला. त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें वाटतें.

जूली लकूस्त्र व एमान्युएल मार या दोघांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०२१ सालीं कान येथें समीक्षक-सप्ताहांत दाखविला गेला. 'रियँ आ फूत्र' हें त्याचें नांव. 'मला कशाचेंच सोयरसुतक नाहीं' एवढाच त्याचा अर्थ सभ्य मराठींत सांगतां येईल. मूळ शब्द पुष्कळच उग्र आहेत, आणि इंग्रजी नांव तर चारचौघांत उच्चारण्यासारखें नाहीं. परंतु नांवासाठीं चित्रपट टाकून देऊं नये.

कासांद्र ही सव्वीस वर्षांची बेल्जियन तरुणी. स्वस्त दरानें प्रवासी नेणाऱ्या एका कल्पित कंपनींत ती चाकरीस आहे. बिऱ्हाड स्पेनच्या लांझारोते बेटावर, सहकाऱ्यांबरोबर. विमानांत खाद्यपेयें व अत्तरें विकावयाचीं, विक्री किती झाली याचा जाब वरिष्ठांस द्यावयाचा. आणि काम संपलें कीं मद्य, नाच व भ्रमणध्वनीवर जुळून सकाळीं विरणाऱ्या ओळखी. हक्कांसाठीं संप करणारे कर्मचारी तिला भेटतात, पण उद्यांचा विचारच तिला नको असतो.

येथवर वाचून आमच्या कांहीं वाचकभगिनी नाक मुरडतील, हें आम्हीं जाणून आहों. मात्र या मुलीची आई मोटार-अपघातांत गेली आहे, आणि त्याविषयीं ती कोणाशीं बोलत नाहीं, हें हळूहळू उमगूं लागलें म्हणजे तिच्या बेपर्वाईकडे पाहण्याची आपली दृष्टि पालटते.

वरच्या जागेसाठीं शिकवणी होते तेव्हां मुलींस हंसूं चेहऱ्यावर धरून ठेवावयास लावतात. ओठ थरथरूं लागतात, डोळे थिजतात. पुढें शस्त्रक्रियेसाठीं एकटीच निघालेली एक भेदरलेली स्त्री विमानांत भेटते. कासांद्र तिला पदरच्या पैशानें पेय देते, आणि ही माया नियमांत बसत नाहीं म्हणून शिक्षा भोगते. विकाऊ हंसूं कंपनीस हवें, फुकटची कणव नको! आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीनें १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत विमानपरिचारिकांचेंच उदाहरण घेऊन या कामास भावनिक श्रम असें नांव दिलें होतें.

या पेशांत स्त्रियांच्या प्रवेशाचा आरंभ १९३० च्या मे महिन्यांत एलन चर्च या अमेरिकन परिचारिकेपासून झाला. तिला खरें पाहतां वैमानिक व्हावयाचें होतें! त्या पहिल्या मुली शिकलेल्या परिचारिका आणि अविवाहितच असाव्या लागत. आपल्याकडेहि एअर इंडियाच्या नियमानें पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपे. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम रद्द केलें, पण पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेविली. 'हवाई सुंदरी' हा शब्द आम्हांस कधींच रुचला नाहीं, त्याचें कारण हेंच.

पूर्वार्धांत तींच विमानें, तींच उपाहारगृहें फिरफिरून येतात, आणि पाहणारा कंटाळतो. चित्रपटाचें खरें बळ कासांद्र बेल्जियमला घरीं येते तेथें आहे. बाप, बहीण आणि आईवांचूनचें घर. आक्रोश नाहीं, उपदेश नाहीं; तुटक बोलणीं होतात, आणि दुःख मधल्या स्तब्धतेंत राहतें. आडेल एक्झार्कोपुलोस या नटीनें हा भाग इतक्या संयमानें वठविला आहे कीं, अभिनय चालला आहे याचा विसर पडतो. तिच्या भोवतीं अनेक भूमिकांत प्रत्यक्ष हा पेशा करणारींच माणसें आहेत.

शेवटीं ती दुबईस पोंचते. साथीचे दिवस, मुखपट्ट्या लावलेली गर्दी कारंज्यांचा खेळ पाहत उभी आहे. त्या गर्दींत तीहि उभी राहते.