खुशालीच्या पत्रामागचे आकडे

2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पन्नास वाघिणींची गाडी भरली की एका खेपेला 25 लाख लिटर. आपण तोंडात बोटं घातली. आता शंभर वर्षं मागे चला. 1917मध्ये सुएझ कालव्यावरच्या कंटारा इथे इंग्रज नाईलचं पाणी गाळून नळाने सिनाईच्या वाळवंटात सोडत होते : दिवसाला 6 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 27 लाख लिटर. लातूरची अख्खी गाडी, रोज, आणि तीही पहिलं महायुद्ध चालू असताना!

त्या आघाडीवर निजामाचे घोडेस्वार, हैदराबाद लान्सर, होते. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्याच मुलखात. लान्सरमधला स्वार निजामाची रयत; कायद्याने तो इंग्रजांचा प्रजाजनही नव्हता, तरी लढाई त्यांची. नांदेडहून त्या आघाडीवरचं हैफा सरळ रेषेत साधारण साडेचार हजार किलोमीटर. घोडा दिवसाला 25-30 लिटर पाणी पितो. पाचशे घोडे धरले तर रोज एक मोठा टँकर नुसत्या घोड्यांना. स्वाराच्या घरच्या पत्रात घोड्याच्या खुशालीला अर्धी ओळ पुरते.

पत्रांचा हिशेब मात्र फ्रान्सचा मिळतो. हिंगोलीला छावणी असलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेतूनच डेक्कन हॉर्सचे रिसाले निघाले, आणि ते फ्रान्सला गेले. मार्च 1915मध्ये तिथले हिंदी सैनिक आठवड्याला 10 ते 20 हजार पत्रं धाडत होते. 1911च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा साक्षर! म्हणजे पुष्कळांनी नुसतं सांगायचं, लिहिणारा दुसराच. मग पलटणीतला अधिकारी, मग सेन्सॉर, आणि शेवटी गावात ज्याला अक्षर कळतं तो चारचौघांत मोठ्याने वाचणार. बायकोला लिहायचं ते कसं लिहीत असतील, कोण जाणे.

सेन्सॉरचे प्रमुख इव्हलिन हॉवेल, हाताशी मोजकी माणसं. आठवड्याची 15 हजार पत्रं, प्रत्येकाला एक मिनिट, तरी 250 तास. एकट्याने रोज आठ तास वाचलं तर महिना जाणार. तोवर चार आठवड्यांचा नवा ढीग. अर्थात चाळून, निवडूनच वाचत. त्या निवडक उताऱ्यांमुळेच आज काही पत्रं आपल्या हाती आहेत.

दुसऱ्या महायुद्धात तर हिंदी फौज दोन लाखांवरून 25 लाखांवर गेली, सक्तीच्या भरतीशिवाय. तुलनेला, 2011च्या जनगणनेत अख्खा लातूर जिल्हा साडेचोवीस लाखांचा होता, तान्ह्या पोरांसकट.