परराज्यातील परिचारिका आणि नोंदणी

विवाह, पतीची बदली किंवा अधिक चांगली संधी यांमुळे अनेक प्रशिक्षित परिचारिका परराज्यात जातात. पदविका आणि अनुभव असल्याने काम लगेच मिळेल, असा त्यांचा समज असतो. तथापि, केवळ पदविका पुरेशी नसते; राज्याच्या नोंदवहीत नाव असावे लागते आणि ही नोंदवही प्रत्येक राज्याची परिषद स्वतंत्रपणे ठेवते. महाराष्ट्रात हे कार्य महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे आहे. नोंदणीअभावी एकीकडे रुग्णालयातील पद रिक्त राहते, तर दुसरीकडे प्रशिक्षित परिचारिका घरी बसून राहते.

याचा अर्थ पुन्हा परीक्षा द्यावी लागते, असा नाही. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ अन्वये मान्यताप्राप्त अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीसाठी पुरेशी ठरविण्यात आली. मात्र मूळ परिषदेकडून नोंदणीची पडताळणी होण्यात कालावधी जातो. म्हणून स्थलांतरापूर्वीच नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे. गुणपत्रके आणि नाव बदलले असल्यास त्याचा पुरावा जवळ ठेवावा.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आदींसाठी २०२१ साली स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला असून त्यात राज्य व केंद्रीय नोंदवह्यांची तरतूद आहे.

या साऱ्याचा पाया मात्र प्रवेशाच्या वेळीच घातला जातो. संस्थेस मान्यता नसेल, तर पुढे कोणत्याही राज्यात नोंदणी होणे कठीण. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी प्रवेशापूर्वीच मुलींच्या पालकांना ही गोष्ट समजावून सांगणे अगत्याचे आहे.