लिंगोच्या कपाळावरची खूण

हॅरी पॉटरच्या कपाळावर विजेच्या आकाराचा वण आहे, हे ब्रह्मपुरीतल्या आठवीच्या पोरालाही ठाऊक असतं. पहांदी पारी कुपार लिंगोच्या कपाळावर चंदनाची खूण होती आणि बेंबीत हिरा चमकत होता, हे मात्र त्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. गुप्त शक्ती लाभलेल्या किशोराची कादंबरी म्हटली की आपली नजर थेट विलायतेला जाते. मराठीत नारायण धारपांनी ‘समर्थ’ उभा केला, पण तो पोक्त माणूस. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोरवयाचा, पण त्याचं सगळं बळ डोक्यात आणि सायकलच्या चाकांत. मंत्रशक्ती लाभलेला मराठी पोर शोधायचा तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडे वळावं, असं माझं मत आहे.

लिंगो हा गोंडांचा आद्य गुरू. त्याची गाथा परधान गायक पिढ्यान्‌पिढ्या गात आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती टिपून घेतली. १८६३ मध्ये हिस्लॉप बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्या पाठात लिंगो फुलातून जन्मतो आणि चार गोंड भावांच्या घरी वाढतो. एकदा शिकार भाजायला विस्तव हवा असतो. तो असतो रिकाड गवाडी नावाच्या राक्षसाच्या शेतात. धाकटा भाऊ चोरायला जातो, राक्षस जागा होतो आणि पोरगं जीव मुठीत धरून पळतं. मग लिंगो निघतो. तो हत्यार नेत नाही. भोपळा घेतो, त्याला बांबू जोडतो, स्वतःच्या डोक्यातले केस उपटून तारा लावतो आणि झाडावर चढून वाजवू लागतो. खाली राक्षस नाचायला लागतो, त्याची म्हातारी नाचायला लागते. वैऱ्याला नाचवून कामाला लावणारा नायक मला तरी तलवारबहाद्दरापेक्षा जास्त आवडतो.

पुढची गोष्ट काळीकुट्ट आहे. खोट्या आळावरून भाऊच लिंगोला मारतात, त्याचे डोळे काढून त्यांच्या गोट्या खेळतात. देव अमृत धाडून त्याला उठवतो. तो उठतो आणि महादेवाने गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघतो. अट अशी, की काळ्या बिंदो पक्ष्याची पिल्लं आणायची. त्या पिल्लांना खाणाऱ्या भौरनागाला तो मारतो, म्हणून पक्षीणच त्याला पाठीवर घेऊन उडते. अनाथपण, घरच्यांचा दगा, परीक्षा, राक्षसी जनावर, कोंडलेल्यांची सुटका. आजचा संपादक या आराखड्यावर तीन भागांचा करार करील.

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. तिथली गुहा हीच ती कोंडवाड्याची जागा, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून कोया म्हणजे गोंड लोक येतात. तिथल्या कथेत कोंडलेली तेहतीस पोरं आहेत, त्यांच्यासाठी झटणारी जंगो रायताड आहे आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर आहे. गुहेच्या तोंडावरची शिळा ढळते, पोरं बाहेर येतात आणि हिरासुका शिळेखाली चिरडला जातो. सुटकेची किंमत कुणीतरी मोजतोच, हे इथे आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. ताडोबाचं नावही अशाच बलिदानाच्या कथेतून आलं, असं सांगतात. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि तलावाकाठी देव होऊन बसला.

सामग्री अशी हाताशी आहे. अडचण वेगळीच आहे. विलायतेतल्या पोराला शक्ती सापडली तर घुबड पत्र घेऊन येतं. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पोरीला सापडली तर गावात कुजबूज सुरू होते. कुणाची गाय दगावली, कुणाचं लेकरू तापाने गेलं, की ‘करणी केली’ म्हणत बोट कुठे वळेल याचा नेम नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्यांसह बायाबापड्यांना भर चौकात बांधून मारलं. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयाने दोघांना जाळून मारलं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्या अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लोकांना धाकात ठेवणं हा त्यात गुन्हा, आणि अमका करणी करतो असं म्हणून त्याचं जगणं हराम करणं हाही गुन्हा.

म्हणून इथली कादंबरी विलायती साच्यात बसत नाही. तिच्या नायिकेने शक्ती लपवायची ती काळ्या जादूगाराच्या भीतीने नाही, शेजाऱ्याच्या भीतीने. मी लिहिणारा असतो तर तिला आश्रमशाळेत ठेवली असती. हॅरीचं हॉगवर्ट्स तरी काय, निवासी शाळाच! घरी माडिया बोलणारी पोर वर्गात मराठी पुस्तक उघडते तेव्हा ती आधीच दोन जगांत वावरते, त्यासाठी लेखकाला जादूची भिंत उभारावी लागत नाही. सुट्टीत ती गावी येते. आजी तिला लिंगोचं गाणं शिकवते आणि वर दटावते, हे चारचौघांत म्हणू नको. गावचा पुजारी मात्र सरसकट खलनायक करू नये. दवाखाना दूर असलेल्या गावात आधी त्याच्याकडेच जातात, आणि संशयाचं बोट फिरलं तर तोही सुटत नाही.

अशी संहिता पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाने नाकारली तर झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र असलेलं वडसा आहेच. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. मंडईच्या जत्रेच्या आणि शंकरपटाच्या बैलशर्यतीच्या गावी लोक सतरंजी अंथरून उजाडेपर्यंत नाटक बघतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कौटुंबिक रडारडीचे प्रयोग तिथे तुफान चालतात हे खरं. पण झाडावर बसून भोपळा वाजवणारा पोरगा आणि खाली म्हातारीसकट नाचणारा राक्षस एवढा एक प्रवेश घातला, तर ती मंडळी ‘वन्स मोअर’ घेतल्याशिवाय पडदा पडू देणार नाहीत.