विश्लेषण : जुन्या साड्यांची गोधडी इतकी उबदार का असते? ती घरी कशी शिवायची?

थंडी पडली की माळ्यावरची गोधडी खाली येते. काही भागांत तिला वाकळ म्हणतात, तर उत्तर कर्नाटकात कौदी. मात्र गोधडी ज्या जुन्या सुती लुगड्या-धोतरांतून होते, तेच कपडे आता अनेक घरांतून कमी होत आहेत. त्यामुळे उरलेल्या कपड्यांचे काय करायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ऊब येते कुठून?

पांघरूण स्वतः उष्णता तयार करत नाही. ते शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करते. हे काम मुख्यतः कापडाच्या थरांत अडकलेली स्थिर हवा करते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. अनेकदा धुतलेले सूत मऊ होते आणि अंगाला लपेटून बसते. त्यामुळे कडेने गार वारा शिरत नाही. शिवाय सूत घामाचा ओलावा शोषते.

पॉलिस्टरची साडी का नको?

पॉलिस्टर ओलावा फारच कमी शोषते. गुळगुळीत असल्याने शिवताना थर सरकतात. ठिणगी पडली तर ते वितळून त्वचेला चिकटू शकते. सुती कापडही पेट घेतेच, त्यामुळे कोणतीही गोधडी शेकोटीपासून लांबच ठेवावी. कापड सुती आहे की नाही हे ओळखायला एक धागा चिमट्यात धरून जाळावा. सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. पॉलिस्टरचा मात्र कडक मणी तयार होतो.

कापड किती लागते?

नऊवारी म्हणजे सुमारे ८.२ मीटर. तिचे चार पदर केले की साधारण दोन मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद, म्हणजे एका माणसापुरती गोधडी होते. सहावारी असतील तर दोन साड्या घ्याव्यात.

शिवायची कशी?

१. कपडे धुऊन खळ काढावी. जरीचे काठ आणि गुंड्या काढून टाकाव्यात.
२. विरलेले कापड आतल्या थरांत आणि घट्ट कापड बाहेरच्या बाजूंना ठेवावे. वर रंगीत तुकडे जोडायचे असतील तर ते आधीच एकमेकांना शिवून घ्यावेत.
३. जमिनीवर थर अंथरून सुरकुत्या काढाव्यात, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत.
४. कडा आत दुमडून जाड सुती दोऱ्याने धावदोरा सुरू करावा. कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यावे. गाठ थरांच्या आत लपवावी.
५. टाका फार ओढू नये. थर आवळले गेले की हवा निघून जाते आणि ऊब कमी होते.

बोटाला अंगुस्तान घातल्यास सुई टोचत नाही.

वेळ किती लागतो?

हिशेब सोपा आहे. दोन बाय १.१ मीटरच्या गोधडीत ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकूण सुमारे ११० मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर ११ हजार टाके. मिनिटाला १२ टाके पडले तरी १५ तासांहून अधिक वेळ लागतो. यात धुणे, कापणे आणि ठिगळे जोडणे धरलेले नाही. हातशिवणीच्या गोधडीची किंमत पाडून मागताना हे तास आठवावेत.

विकत घेताना काय पाहावे?

धावदोऱ्यात टाका, मग मोकळी जागा, पुन्हा टाका असे दोन्ही बाजूंना दिसते. मशीनची शिवण मात्र सलग असते. आत कोणते कापड आहे, हेही विचारावे.

काळजी कशी घ्यावी?

भिजलेली गोधडी खूप जड होते. दोघांनी मिळून पिळावी. वाळवताना दोरीवर एकाच ठिकाणी लोंबकळत ठेवली तर टाक्यांवर ताण येतो. ती उन्हात आडवी पसरावी. टाका उसवला तर लगेच घालावा.

गोधडी बहुतेक घरांत आजी-आईकडे बघून शिकली गेली. शिकवणारे हात आणि सुती लुगडी या दोन्ही गोष्टी घरात असतील, तर हीच वेळ आहे. कपाट आवरताना जुनी सुती साडी बोहारणीला देण्याआधी एकदा विचार करावा. तिच्या बदल्यात मिळणारे भांडे दुकानातही मिळते, वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सूत मिळत नाही.