अभ्यासिकेत कोणाला विचारायचे राहिले? बिझनेस ॲनालिस्टच्या कामाची ओळख

विहारातील करिअर मार्गदर्शन शिबिरात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "कोडिंग जमत नाही, मग आयटीत आमचे काही होईल का?" होईल. आयटीत बिझनेस ॲनालिस्ट नावाचे एक काम असते. लोकांना काय हवे आहे ते विचारायचे, नीट लिहून ठेवायचे, त्यात होणारे बदल सांभाळायचे आणि ते सगळ्यांना एकाच अर्थाने समजेल असे सांगायचे, हे ते काम. लोकांच्या या गरजांना आयटीच्या भाषेत रिक्वायरमेंट म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. आम्हालाही वाटले होते, आणि तिथेच आम्ही फसलो.

आमच्या वस्तीतील विहारात अभ्यासिका आहे. जागा कमी, मुले जास्त. आमच्यापैकी तिघे आयटीत नोकरी करतात, म्हणून कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, "मोबाईलवर नोंदणी करता येईल असे काहीतरी करा. एका नंबरवर एकच नाव घ्या, म्हणजे कोणी दोन जागा अडवणार नाही." तीन रविवार बसून आम्ही ॲप तयार केले. पहिल्याच आठवड्यात खुर्च्या रिकाम्या आणि मुले दाराबाहेर, असे चित्र दिसले. घरात फोन एकच. थोरल्या बहिणीचे नाव लागले की धाकटीचे घेईना. काहींच्या घरचा फोन वडील कामावर घेऊन जातात, त्यामुळे ओटीपी बांधकामाच्या साइटवर आणि मुलगी विहाराच्या पायरीवर. त्यातली एक दोन दिवस येऊन परत गेली, ती नंतर आलीच नाही.

आमच्यातल्या एकाचा हा रोजचा व्यवसाय आहे. ऑफिसात जे काम पगार घेऊन करतो ते इथे का केले नाही, याचे त्याच्याकडे उत्तर नव्हते. आपलीच वस्ती, आपलीच मुले, त्यांना काय विचारायचे, असे आम्ही गृहीत धरले होते.

या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था म्हणजे 2003 साली कॅनडात स्थापन झालेली आयआयबीए. तिच्या बॅबॉक या मार्गदर्शक ग्रंथात कामाची सहा क्षेत्रे सांगितली आहेत आणि नियोजनाला त्यांत स्वतंत्र क्षेत्र दिले आहे. नियोजन म्हणजे आधी यादी करायची: या कामाचा परिणाम कोणाकोणावर होणार, त्यांना कोण भेटणार, कधी आणि कुठे भेटणार, शेवटी मंजुरी कोण देणार. या लोकांना स्टेकहोल्डर म्हणतात. आमच्या यादीत फक्त कार्यकारिणी होती. अभ्यासिकेत बसणारी मुले नव्हती, त्यांच्या आया नव्हत्या, किल्ली सांभाळणारे काकाही नव्हते.

मग आम्ही दोन रविवार घरोघर गेलो. ॲपमध्ये काय हवे, असे विचारले की लोक गप्प बसतात. "काल अभ्यासिकेत आलीस तेव्हा काय काय झाले, ते सांग" असे विचारले की बोलू लागतात. एका ताईंनी सांगितले, मुलगी सातनंतर थांबत नाही, कारण गल्लीतला दिवा बंद आहे. ही गोष्ट आम्हाला कुठल्याच बैठकीत कळली नसती.

गोळा झालेल्या मागण्या सांभाळणे हा पुढचा आणि जास्त किचकट भाग. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा आणि तिच्यासमोर कोणी सांगितले, का सांगितले, ती किती निकडीची, हे लिहायचे. निकड ठरवण्यासाठी मॉस्को नावाची पद्धत वापरतात (रशियाशी तिचा संबंध नाही). तिच्यात चार कप्पे असतात: हवेच, असावे, जमल्यास, आणि या वेळी नाही. आमच्या मते चौथा कप्पा सर्वांत प्रामाणिक. मुलींसाठी वेगळी खोली हवी, ही मागणी रास्त होती, पण जागा नव्हती. ती आम्ही त्या कप्प्यात कारणासह लिहिली आणि मागणी करणाऱ्यांना तसे सांगितले.

"का" हा रकाना नवशिके सोडून देतात. त्याचे मोल समजायला विनयपिटक बघावे. तिथे नियमाबरोबर तो कोणत्या प्रसंगातून आला हे जपून ठेवले आहे. पुढे अडचण आली की नियमात भर पडते. मूळ नियम ती पञ्ञत्ति, नंतरची भर ती अनुपञ्ञत्ति. गणभोजनाचा नियम घ्या. भिक्खूंनी गटाने भोजनाला जाऊ नये असे ठरले, पण नंतर आजारपण, चीवरदानाचा काळ, चीवर शिवण्याचा काळ, प्रवास, नावेतून जाणे असे अपवाद एकेक करून जोडले गेले, प्रत्येक आपापल्या प्रसंगासह. आमच्या "एका नंबरवर एकच नाव" या नियमामागचे कारण होते, कोणी दोन जागा अडवू नये. ते लिहिलेले असते तर नंबरचा आग्रह सोडून कारण सांभाळता येते, हे पहिल्याच दिवशी सुचले असते. आता नोंद नाव आणि शाळा-कॉलेजच्या ओळखपत्रावर होते, आणि फोन नसलेल्यांसाठी दाराशी वही ठेवली आहे.

आता मंजुरीचे बघा. आम्ही पहिला आराखडा व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून टाकला होता. सात-आठ अंगठे आले, बाकी शांतता. आम्ही ती संमती मानली. संघकर्मातही मौन म्हणजे संमती असते, असे कोणी म्हणेल. पण तिथे संघ एकत्र जमलेला असतो, आधी ञत्ति म्हणजे प्रस्ताव स्पष्ट मांडला जातो, आणि महत्त्वाच्या कर्मात तीन वेळा घोषणा करून ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे सांगितले जाते. त्यानंतरच्या मौनाला अर्थ असतो. न उघडलेल्या पीडीएफवरच्या मौनाला तो नसतो. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही आराखडा मोठ्याने वाचून दाखवला. कार्यकारिणीसाठी एक पान, कोड लिहिणाऱ्यासाठी तपशीलवार नोंदी आणि मुलांसाठी भिंतीवर लावलेले स्क्रीनचे चित्र, असे एकाच मजकुराचे तीन प्रकार केले. चित्रासमोर उभे राहून मुलांनी जितक्या चुका काढल्या तितक्या बाकी कोणीच काढल्या नाहीत.

मागणी कशी लिहावी हे शिकायचे असेल तर बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' अवश्य पाहा. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेले हे निवेदन 1947 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मागण्या थेट संविधानाच्या कलमांच्या रूपात आहेत आणि त्यांच्यामागची कारणे स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये वेगळी दिली आहेत. नेमके काय हवे आणि ते का हवे, यांची गल्लत होत नाही. ऑफिसात आलेल्या नव्या मुलांना आम्ही तेच वाचायला देतो.

या क्षेत्रात यायचे असेल तर वाणिज्य, कला, विज्ञान, कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात. बँक, विमा किंवा रुग्णालयाच्या कामाची माहिती असेल तर अधिक चांगले. एक्सेल आणि थोडे एसक्यूएल शिकून घ्यावे. आयआयबीएच्या ईसीबीए या प्राथमिक परीक्षेला अनुभवाची अट नाही. सीबीएपी या वरच्या परीक्षेला मात्र 7,500 तासांचा अनुभव लागतो. महागड्या क्लासला पैसे भरण्याआधी आपल्याच विहाराचे, बचत गटाचे किंवा जयंती उत्सव समितीचे एखादे काम घेऊन मागण्यांची यादी करून पाहा.

आमच्या यादीत आता 31 नोंदी आहेत, त्यांपैकी चार बाकी. त्यातली पहिली गल्लीतल्या दिव्याची. ती कोणत्याही ॲपने सुटणारी नाही, म्हणून तिच्यापुढे अर्ज दिल्याची तारीख आणि पाठपुरावा करणाऱ्या दोघांची नावे लिहिली आहेत.