शेवटच्या रांगेपर्यंत

मी नाटकांवर वाढलेला प्रेक्षक. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला पाहिजे, वाक्याचं शेपूट पडता कामा नये, हे लहानपणीच कानात बसलेलं. त्यामुळे भाचीच्या हट्टाखातर ‘ट्वायलाइट’ (२००८) पाहिला तेव्हा क्रिस्टन स्ट्यूअर्ट मला मुळीच आवडली नाही. ओठ चावते, वाक्य अर्ध्यावर सोडते, समोरच्याची नजर टाळते. हिला बोलताच येत नाही, असं सांगून मी विषय संपवला. २०१२पर्यंत त्या मालिकेचे आणखी चार चित्रपट आले, मी एकही पाहिला नाही. त्याच काळात ती ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’, ‘द रनअवेज’ असे छोटे चित्रपट करत होती, याची मला गंधवार्ताही नव्हती.

माझं मत पहिल्यांदा डळमळलं ते दिग्दर्शक ऑलिव्हिए असायासच्या ‘क्लाउड्स ऑफ सिल्स मारिया’मुळे (२०१४). ज्युलिएट बिनोश एक नामवंत अभिनेत्री आणि स्ट्यूअर्ट तिची सहायक व्हॅलेंटाइन. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या घरात दोघी नाटकाच्या तालमी करतात. संवाद नाटकातला की त्यांच्या आपसातला, हे कळेनासं होतं. एका प्रसंगात व्हॅलेंटाइन हॉलिवूडच्या एका गल्लाभरू चित्रपटातल्या तरुण नटीची बाजू मांडते आणि बिनोश हसत सुटते. ते हसणं मला झोंबलं, कारण इतकी वर्षं मीही तेच करत होतो. या भूमिकेसाठी २०१५मध्ये स्ट्यूअर्टला फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली अमेरिकन अभिनेत्री.

पण मी तिचा झालो तो केली रायकार्टच्या ‘सर्टन विमेन’मुळे (२०१६). तरुण वकील बेथ (स्ट्यूअर्ट) मोंटानातल्या आडगावी शिक्षकांना शाळेच्या कायद्याचे धडे द्यायला येते. गावाच्या नावात गल्लत झाल्यामुळे तिने ही नोकरी घेतलेली. आता जायला चार तास, यायला चार तास. घोड्यांची देखभाल करणारी एक एकटी मुलगी सहज वर्गात येऊन बसते आणि बेथकडे ओढली जाते. ही लिली ग्लॅडस्टोन. दोघी रात्री खाणावळीत बसतात. बेथ घाईघाईने खाते, बोलते ते सगळं स्वतःच्या दगदगीबद्दल, आणि समोरची नुसती बघत राहते. एके रात्री ती घोडा घेऊन येते आणि बेथला मागे बसवून खाणावळीपर्यंत नेते. बस, एवढंच घडतं. पुढे बेथ यायची बंद होते. मुलगी रात्रभर गाडी चालवून तिच्या शहरात पोचते, मनातलं सांगते, आणि बेथला उत्तर सुचत नाही. ‘ट्वायलाइट’मध्ये मला खटकलेलं ते अर्ध्यावर थांबणं इथे माझ्या काळजात रुतलं. कठोर व्हायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशा पेचात सापडलेलं माणूस असंच थांबतं.

मला वाटतं, छोट्या चित्रपटाची खरी श्रीमंती वेळेत असते. त्याला पुढच्या स्फोटाकडे धावायचं नसतं, म्हणून तो चेहऱ्यावर थांबू शकतो. असायासच्याच ‘पर्सनल शॉपर’मध्ये (२०१६) स्ट्यूअर्ट लंडनला जाणाऱ्या आगगाडीत बसून अनोळखी माणसाचे संदेश वाचते. जुळा भाऊ गेलेला, त्याची काही खूण मिळेल म्हणून ती थांबलेली. पडद्यावर फोन आणि तिचा अंगठा, बाकी काही नाही. उत्तर टाइप करताना तो अंगठा घुटमळतो आणि आपला श्वास अडकतो. कान महोत्सवात पत्रकारांच्या खेळाला या चित्रपटाची हुर्यो उडवली गेली, आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून का होईना, असायासलाच मिळाला.

प्रिन्सेस डायनाच्या भूमिकेसाठी (‘स्पेन्सर’, २०२१) तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. काम मेहनतीचं, तरी त्यात मला मेहनत दिसते. बेथमध्ये दिसत नाही. आता ती कॅमेऱ्यामागेही गेली आहे; २०२५मध्ये तिने दिग्दर्शित केलेला ‘द क्रॉनॉलॉजी ऑफ वॉटर’ कानला दाखवला गेला.

परवा भाची आली होती, तेव्हा ‘सर्टन विमेन’ लावला. खाणावळीतला प्रसंग आला, बेथ काहीतरी पुटपुटली. भाचीने आवाज वाढवायला रिमोट उचलला. मी म्हटलं, राहू दे.